लुगड्याची किनार
वरोऱ्यातल्या चहाटपरीवर क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावरून जुंपलेली मी या आठवड्यात पहिल्यांदाच ऐकली. विषय, २०२३ ची रग्बी विश्वचषकाची फायनल: दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. ‘न्यूझीलंडच्या कप्तानाला लाल कार्ड, चौदा जणांत खेळले ना बे ते!’ वाद मिटेना, म्हणून सगळे मैदानात, टॅग रग्बी खेळायला. यात कुणाला पाडायचं नसतं, कमरेला लटकणारी पट्टी ओढायची. पट्ट्या कुठल्या? जुन्या लुगड्याची किनार फाडून प्रत्येकानं दोन-दोन खोचल्या. चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हे मात्र पोरांना पचेना. गडबडीत एकानं पंचाचा, म्हणजे माझाच, दुपट्टा ओढला नि ‘टॅग!’ म्हणून ओरडला. मी सांगतो, कबड्डी खेळणाऱ्या गावाला हा खेळ परका नाहीच. इंग्लंड-स्कॉटलंड १८७९ पासून ज्या कलकत्ता कपासाठी झुंजतात, तो तर कलकत्त्याचा क्लब मोडताना चांदीचे रुपये वितळवून घडवलेला. क्रिकेटनं अडवलेल्या मैदानाचा एक कोपरा रग्बीला मिळालाच पाहिजे. रविवारी सकाळी सहाला पुन्हा खेळतोय. घरात जुनं लुगडं असेल तर घेऊन या, घरच्यांना विचारून.