पेटीतले निनावी नाणे

६ डिसेंबरला आपण महामानवास अभिवादन करतो आणि दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाची पेटी शाळाशाळांतून फिरते. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्या पेटीत पडणाऱ्या नाण्यावर दात्याचे नाव नसते. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या मातेने लेकराच्या हाती दिलेले ते नाणे वीरपत्नीच्या, अपंग जवानाच्या वा माजी सैनिकाच्या कुटुंबाच्या कामी येते. देणारा घेणाऱ्यास कधी पाहत नाही. दान ही दहा पारमितांपैकी एक. तिचे इतके निर्मळ रूप आम्ही क्वचितच पाहिले आहे.

मात्र इतिहासाचा पाठ वेगळेही सांगतो. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे कोरली गेली. तरीही त्याच इंग्रजी सत्तेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. बाबासाहेबांनी सातत्याने पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. कोरलेल्या नावांनी जे टिकले नाही, ते हक्काच्या मागणीने मिळाले.

म्हणून आमचे मत असे की, अनामिकांची करुणा वंदनीय आहे. पण ती राज्याच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. निवृत्तिवेतन, उपचार आणि मुलांचे शिक्षण हा सैनिकाचा हक्कच आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी पेटीत नाणे अवश्य टाकावे, नाव न सांगता. आणि मोठे झाल्यावर त्या हक्काचा हिशेब मात्र नाव सांगून मागावा.