युद्धनौकांमागचे बळ आणि गोव्याचे कसब

युद्धनौकेच्या तोफा सर्वांना दिसतात. तिला इंधन, पाणी, दारूगोळा आणि शिधा पुरवणारे जहाज मात्र नजरेआड राहते. २०११ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘दीपक’ व ‘शक्ती’ ही जहाजे भर समुद्रात हा पुरवठा करतात. त्यामुळे ताफ्याला वारंवार बंदर गाठावे लागत नाही. ही दोन्ही जहाजे इटलीत बांधली गेली. अशा आणखी पाच जहाजांचे कंत्राट मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला देण्यात आले.

बिगरलढाऊ नौकांच्या बांधणीत गोवाही मागे नाही. ‘तरंगिणी’ (१९९७) व ‘सुदर्शिनी’ (२०१२) ही प्रशिक्षण जहाजे वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती दिवाडी बेटावर घडली. डिचोलीचे खनिज मुरगावला वाहणाऱ्या बार्जेसनीही येथील कारागिरांना वर्षानुवर्षे काम दिले. २०१२ च्या खाणबंदीने तो आधार खचला.

साहाय्यक जहाजे आता देशातच बांधली जाणार असतील, तर पेडणे व डिचोलीच्या आयटीआयमधील वेल्डर, फिटर थेट गोदीपर्यंत पोहोचतील, अशी व्यवस्था सरकारने उभारावी. हातचे कसब एकदा विरले, की कंत्राट मिळूनही ते परत येत नाही.