रोज दहा पाने

गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पण त्यांचे तिथे मन रमेना. परत शिकवायला जावे, असेच त्यांना वाटे. मात्र इंग्लंडमधली गजबजलेली ग्रंथालये पाहिली आणि ते कायमचे ग्रंथपाल झाले. पुढे १९३१ मध्ये त्यांनी पाच नियम मांडले. त्यांतला एक असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा.

चेन्नईतल्या एग्मोर भागात १८९६ मध्ये सुरू झालेले कॉनेमारा ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याने देशात निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिथे पाठवावी लागते, अगदी मराठीसुद्धा. पुस्तक पोहोचते, वाचकाचे काय?

वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प बहुधा जानेवारीतच मोडतो. त्यापेक्षा रोज दहाच पाने वाचावीत. महिन्याला तीनशे होतात, म्हणजे एक पुस्तक सहज संपते. मग ते शेजारी द्यावे, आवडले नसेल तर का तेही मोकळेपणी सांगावे. आपल्याला कंटाळवाणे वाटलेले पुस्तक दुसऱ्याला जवळचे वाटू शकते. कंटाळा तर सुरुवातीला रंगनाथनांनाही आला होता!