सत्तर टक्के कशाचे?

‘डॉक्टर म्हणाले, सत्तर टक्के चान्स आहे.’ पहूर, शेंदुर्णी, जामनेर या पट्ट्यात टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला लागलेल्या घरांतून हे वाक्य आता सर्रास ऐकू येते. उपचार जळगावला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला, पैसा कापसाचा नाहीतर दागिने मोडून उभा केलेला, आणि आधार या एका आकड्याचा. भ्रूण गोठवून ठेवलेले असते, पुढच्या महिन्यात ते गर्भाशयात सोडायचे असते, आणि अख्खे घर सत्तरावर भिस्त ठेवून बसते. माझे म्हणणे एवढेच आहे : कशाचे सत्तर, हे सांगितल्याशिवाय उच्चारलेला टक्का म्हणजे निव्वळ जाहिरात. खरा अंदाज बांधता येतो, तो जोडप्यागणिक वेगळा असतो, आणि तो मागून घेणे हा जोडप्याचा हक्क आहे.

आधी जाहिरातीचा पक्ष तपासू. यश कशाला म्हणायचे, हे जाहिरात सांगत नाही. भ्रूण सोडल्यावर दहा-चौदा दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली की घरात पेढे येतात. पण त्यातले काही गर्भ सोनोग्राफीत दिसण्याआधीच थांबतात, काहींची पिशवी दिसते पण ठोके येत नाहीत, काहींचा ठोके आल्यावरही गर्भपात होतो. बीटाचा टक्का, ठोक्यांचा टक्का आणि जिवंत बाळाचा टक्का हे उतरत्या क्रमाचे तीन वेगळे आकडे आहेत. कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर उगवणीचा टक्का छापलेला असतो. तो वाचून कोणी शेतकरी घरात येणारे क्विंटल मोजत नाही. बाळाच्या बाबतीत मात्र आपण उगवणीलाच पीक समजतो.

दुसरी गोम कितीपैकी या प्रश्नात आहे. ज्यांची स्त्रीबीजे काढली पण भ्रूणच तयार झाले नाहीत, त्या बायका भ्रूण सोडण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. हिशोब फक्त सोडलेल्या भ्रूणांचा धरला, तर त्या आपोआप गळतात आणि टक्का फुगतो. तिसरा प्रश्न वयाचा. ब्रिटनमध्ये या उपचारांवर देखरेख करणारी सरकारी संस्था दरवर्षी देशभरचे आकडे जाहीर करते. तिच्या २०१९च्या अहवालात ३५ वर्षांखालच्या स्त्रियांत सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे जिवंत बाळाचे प्रमाण ३२ टक्के होते; ४३ आणि त्यापुढच्या वयात, स्वतःचे बीज वापरल्यास, ५ टक्क्यांहून कमी. पंचवीस आणि त्रेचाळीस वर्षांच्या दोघींना एकाच फलकावरचा एकच आकडा सांगणे ही दोघींचीही फसवणूक आहे.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. ‘फिफ्टी-फिफ्टी, होईल नाहीतर नाही, सगळं वरच्याच्या हातात.’ दुःख पचवायला हे बोलणे उपयोगी पडत असेल, निर्णय घ्यायला नाही. शेवट दोनच तऱ्हांनी होऊ शकतो, म्हणून दोन्हींची शक्यता सारखी होत नाही. आणि श्रद्धा ठेवायला आकडा आड येत नाही. कर्ज किती काढायचे, कितव्या वेळेला थांबायचे, दत्तकाचा विचार केव्हा करायचा, हे मात्र आकड्याशिवाय ठरत नाही.

तिसरा पक्ष म्हणतो, गोठवलेले म्हणजे शिळे. हे साफ चूक आहे. आजच्या पद्धतीत भ्रूण इतक्या झपाट्याने गोठवतात की आत बर्फाचे स्फटिक बनत नाहीत. मग ते उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहते. चांगल्या प्रयोगशाळेत शंभरातली नव्वदहून अधिक भ्रूणे वितळवल्यावर जिवंत निघतात. तिथे काळ जणू थांबतो. २०२२ साली अमेरिकेत जवळपास ३० वर्षे गोठवलेल्या भ्रूणांतून जुळी बाळे जन्मली. म्हणूनच भ्रूण सोडताना बाई किती वर्षांची आहे यापेक्षा बीज काढले तेव्हा ती किती वर्षांची होती, याला जास्त महत्त्व आहे. एकतिसाव्या वर्षी गोठवलेले भ्रूण छत्तिसाव्या वर्षी सोडले, तर अंदाज एकतिसाचा धरायचा.

याची दुसरी बाजूही तितकीच चुकीची आहे : ‘फ्रोझनच करा, त्यातच रिझल्ट.’ २०१६ साली चीनमध्ये पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असलेल्या सुमारे दीड हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत गोठवलेल्या भ्रूणांनी ४९ टक्के, तर ताज्यांनी ४२ टक्के जिवंत बाळे दिली. पण २०१८ साली चीन आणि व्हिएतनाममधल्या दोन चाचण्यांत, ज्यांना पीसीओएस नाही अशा स्त्रियांत, फारसा फरक आढळला नाही. एकीला लागू पडते ते सगळ्यांच्या माथी मारता येत नाही.

चौथा पक्ष गणिताचा आव आणतो : ‘तीन वेळा केलं की होतंच.’ गणितच करू. समजा, एका जोडप्याला दर भ्रूणामागे जिवंत बाळाची शक्यता ३५ टक्के आहे. तीन भ्रूणे एकामागून एक सोडली तर ती ३५ गुणिले ३ म्हणजे १०५ टक्के होत नाही. पहिल्या वेळी शंभरातली ६५ जोडपी रिकामी परततात, दुसऱ्या वेळी त्यातली ४२, तिसऱ्या वेळी २७. म्हणजे ७३ घरांत बाळ येते, २७ घरांत येत नाही. आता चाळिशीतले जोडपे घ्या, शक्यता समजा १० टक्के. तीन प्रयत्नांनंतर बाळ येते ते २७ घरांत. ७३ घरे रिकामीच. शिवाय प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते, असे आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात आधी अपयश आलेल्यांत ती बहुधा उतरत जाते, आणि चाळिशीत तीन चांगली भ्रूणे हाती लागणे हेच मुळात कठीण.

पाचवा पक्ष सर्वांत क्रूर आहे, कारण तो घरातल्या घरात सुनेवर उलटतो. भ्रूण सोडून आल्यावर तिला खाटेवर निजवतात, पायांकडच्या बाजूला खाटेखाली विटा लावतात, मोरीपर्यंत चालायचीही बंदी. तरीही रिपोर्ट निगेटिव्ह आला की कुणीतरी म्हणतेच, ‘गाडीत धक्के बसले’, ‘जिना चढली’, ‘पाण्याची कळशी उचलली’. भ्रूण गर्भाशयाच्या एकमेकांना टेकलेल्या भिंतींमध्ये असते. महामार्गाच्या खड्ड्यांनी ते पडत नाही. पडून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. अपयशाचे मोठे कारण बहुतेक वेळा भ्रूणाच्या गुणसूत्रांत असते आणि ते भ्रूण सोडण्याआधीच ठरलेले असते. आणि मूल न होण्यात जवळपास निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो. तेव्हा खाटेखालच्या विटा काढा, आणि बोल लावणेही थांबवा.

राहिला शेवटचा पक्ष. तो प्रामाणिक डॉक्टरांचा आहे, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. ते म्हणतात, ‘टक्का हा समूहाचा असतो, समोरच्या बाईला एक तर मूल होईल किंवा होणार नाही. आकडा सांगून तिची उमेद का मोडायची?’ पहिले वाक्य खरे आहे. पण त्यातून आकडा झाकायचा हा निष्कर्ष निघत नाही. तिच्यासारख्या बायकांच्या समूहाचा आकडा सांगायचा, एवढाच निघतो. आणि उमेद आकड्याने मोडत नाही. सत्तर ऐकून गेलेली बाई तिसऱ्या अपयशानंतर ‘माझ्यातच काही खोट आहे’ असे समजते, तेव्हा ती मोडते. पस्तीस ऐकलेली बाई रडते, पण स्वतःला दोष देत नाही.

मग खरा अंदाज कशावरून बांधायचा? पहिले, बीज काढतानाचे वय. दुसरे, भ्रूण किती, कितव्या दिवसाचे आणि कोणत्या प्रतीचे. फायलीत ‘४ एए’ किंवा ‘३ बीबी’ असे लिहिलेले असते. त्यातला आकडा भ्रूण किती फुगले ते सांगतो, पहिले अक्षर बाळ घडवणाऱ्या पेशींची प्रत, दुसरे वार घडवणाऱ्या पेशींची. तिसरे, गर्भाशयाचे अस्तर, थायरॉइड, आणि गर्भनलिकेत पाणी साचले आहे का. असे पाणी असेल तर यश जवळपास निम्म्यावर येते, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त करतात. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोगही तपासून घ्यावा लागतो. चौथे, आधीच्या प्रयत्नांचा इतिहास. पाचवे, त्याच प्रयोगशाळेचे त्याच वयोगटातले जिवंत बाळांचे आकडे. या पाचांवरून निघणारा अंदाज एका आकड्याचा नसतो, ‘तीस ते चाळीस’ असा पट्ट्याचा असतो, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर तो नव्याने मांडायचा असतो. अस्तराला ओरखडे काढणे किंवा अस्तर भ्रूणासाठी केव्हा तयार होते हे पाहणारी ‘ईआरए’ तपासणी सरसकट करणे असल्या महागड्या जोडण्यांनी तो वाढत नाही, हे २०१९ आणि २०२२ च्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे.

हिशोब खरा सांगण्याचा वारसा आपल्याच महाराष्ट्रात आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली आणि देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून नावाजली गेली. पुढे आनंद कुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची टिपणे वाचली. मुखोपाध्यायांनी ५३ दिवस गोठवलेल्या भ्रूणातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मल्याचा दावा केला होता. तो हेटाळला गेला आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुरावा पटल्यावर आनंद कुमारांनी १९९७ साली पहिलेपणाचा मान जाहीरपणे मुखोपाध्यायांना दिला, म्हणजे स्वतःच्या नावावरचा सोडला. त्याच विद्येच्या नावाने आज फुगवलेले टक्के विकले जावेत, हे मला मान्य नाही.

कायदाही जोडप्याच्या बाजूने आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ साली संमत झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. उपचार करणारे केंद्र नोंदणीकृत असलेच पाहिजे, आणि उपचाराआधी यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका समजावून सांगणे त्याला बंधनकारक आहे. तक्रारीची सोयही केंद्रातच हवी.

म्हणून पहूरच्या, जामनेरच्या आणि सगळ्या खान्देशातल्या जोडप्यांना माझे सांगणे आहे. पुढच्या वेळी टक्का ऐकलात की दोघांनी मिळून विचारा : ‘जिवंत बाळाचा किती? आमच्या वयाचा किती? आमच्या या भ्रूणांचा किती?’ उत्तर कागदावर लिहून घ्या. जे केंद्र ते लिहून देईल तिथे उपचार घ्या. जे टाळाटाळ करील तिथे पैसे भरू नका.