मोल कार्डाचे की छंदाचे?

संग्रह करणे हा मनुष्याचा जुना छंद आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी. अमेरिकेतील मुले पिढ्यान् पिढ्या बेसबॉल खेळाडूंची कार्डे जमवीत आली आहेत. तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर पुढे खेळाडूचे चित्र आणि मागे त्याच्या खेळाचे आकडे, एवढेच त्यांचे स्वरूप. तथापि टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले मिकी मँटल याचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लक्ष डॉलरांस विकले गेले!

एवढे मोल आले कोठून? त्या काळी मुले कार्डांची अदलाबदल करीत, ती सायकलच्या चाकात अडकवून आवाज काढीत. घर आवरताना वडील माणसे ती फेकून देत. साहजिकच धड राहिलेली कार्डे थोडी उरली. जुन्यांना भाव आलेला पाहून १९९० च्या सुमारास लोकांनी नवी कार्डे भविष्याची ठेव म्हणून जपली आणि कंपन्यांनीही ती अमाप छापली. परिणाम उलटा झाला. सर्वांनीच जपल्यामुळे त्यांतील बहुतेक आज कवडीमोल आहेत.

आता दुर्मिळता छापखान्यातच निर्माण होते. काही कार्डांवर मोजके क्रमांक घालतात, काहींची तर एकच प्रत काढतात. पॉल स्कीन्स या खेळाडूची स्वाक्षरी आणि पहिल्या सामन्यात त्याच्या अंगरख्यावर असलेली पट्टी जडविलेले असेच एकमेव कार्ड २०२४ च्या नाताळात एका ११ वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघाले. मार्च २०२५ मध्ये त्यास ११ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली.

त्या मुलाचे भाग्य थोर खरे. परंतु तीच आशा धरून ज्या असंख्य मुलांनी पाकिटे फोडली, त्यांचे काय? पाकिटात काय निघेल ही उत्कंठा छंदाला गोडी आणते, हे मान्य. मात्र केवळ घबाडासाठी पाकिटांमागून पाकिटे घेणे हा संग्रह नव्हे, ती सोडत होय.

आपल्याकडील मुलेही क्रिकेटपटूंची कार्डे जमवितात. विद्यार्थिमित्रांनो, पाकीट घेण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारा: उद्या याची कवडीही आली नाही, तरी हे मला हवे आहे काय? उत्तर 'होय' असेल तर खुशाल जमवा, मागचे आकडे वाचा, मित्रांशी अदलाबदल करा. आणि पालकांनी 'याचे किती येतील?' असे न विचारता 'हा खेळाडू कोण?' असे विचारावे. मुलाने त्याचे उत्तर उत्साहाने दिले, तर त्या संग्रहाचे मोल वसूल झाले असे समजावे.