काढलेले इम्प्लांट टाकून देऊ नका

सैल झालेला कृत्रिम खुबा शस्त्रक्रियेने बाहेर निघतो, त्या जागी नवा बसतो, रुग्ण चालत घरी जातो. जुन्या खुब्याची रवानगी मात्र पुष्कळदा थेट जैववैद्यकीय कचऱ्यात होते. माणसाच्या शरीरात पंधरा वर्षे वावरलेला तो नमुना कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करता येणार नाही, आणि आपण तो न पाहताच गमावतो.

जैवपदार्थांच्या आपल्या शास्त्रातली मोठी पावले अशाच अपयशाकडे बारकाईने पाहून पडली आहेत. अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. घर्षण कमी, रसायनांची बाधा नाही. गुणधर्मांच्या तक्त्यात त्याला तोड नव्हती. पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या, कणांमुळे भोवतालच्या ऊतींत दाह झाला आणि सुमारे 300 रुग्णांचा प्रश्न उभा राहिला. चार्नली यांनी ते अपयश झाकले नाही. पदार्थावर शरीराची प्रतिक्रिया पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतःच्या मांडीत घालून घेतला. 1962 मध्ये अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन समोर आले, तेव्हा नखाने ओरखडून त्यांनी ते बाजूला सारले होते. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. तीन आठवड्यांत त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी भरली.

खुब्याच्या वाटीत रुळलेले हेच पॉलिथिलीन पुढे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयाच्या झडपेची चकती झाले. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूची पहिली रचना वेल्ड केलेला आधार तुटल्याने बाद झाली. दुसरीत टायटॅनियम झिजले, तिसरीत नीलमण्याची चकती फुटली. चौथ्या रचनेत कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, पॉलिथिलीनची चकती आणि पॉलिएस्टरचे शिवणकडे एकत्र आले. डिसेंबर 1990 मध्ये ती झडप पहिल्या रुग्णाला बसवली गेली. आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला आहे. आधीच्या तीन रचना का फसल्या हे नोंदवून ठेवले नसते, तर चौथी घडलीच नसती.

पॉलिथिलीनची कथाही तिथे संपली नाही. खुब्यात त्याच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड विरघळते, आणि हवेच्या संपर्कात गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले पॉलिथिलीन ऑक्सिडीकरणाने ठिसूळ होते, हे शरीरातून काढलेल्या वाट्या तपासताना स्पष्ट झाले. त्यातूनच क्रॉस-लिंक केलेले पॉलिथिलीन वापरात आले. चार्नली आपल्या रुग्णांकडून मृत्यूनंतर सांधा तपासण्याची संमती आधीच घेऊन ठेवत. त्या रुग्णांचे ऋण आपल्या सर्वांवर आहे.

आयएसओ 10993 च्या जैवसुसंगतता चाचण्या आवश्यकच आहेत. पण पेशींच्या थाळीत पदार्थ विषारी ठरला नाही, एवढ्यावरून तो रुग्णाच्या चालीत, रक्तदाबात, जंतुसंसर्गात कसा टिकेल हे कळत नाही. त्यासाठी 2015 पासून आपल्याकडे मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे त्याचे समन्वयन आहे. पण तिथे पोहोचेल ते आपण कळवू तेवढेच.

म्हणून शल्यविशारदांना विनंती: इम्प्लांटचा लॉट क्रमांक रुग्णाच्या कागदपत्रांत न चुकता चिकटवा. संमतीपत्रात काढलेल्या इम्प्लांटच्या तपासणीचे कलम घाला. इम्प्लांटवर ओरखडा न पाडता, आजूबाजूच्या ऊतीच्या नमुन्यासह ते तपासणीला पाठवा. पाठवण्यापूर्वी निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने पॉलिथिलीन बदलते, हे लक्षात असू द्या. पदार्थशास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना विनंती: शस्त्रक्रियागृहातून आलेल्या अशा नमुन्यासाठी तुमच्या सूक्ष्मदर्शकावर वेळ राखून ठेवा, आणि जे दिसेल ते त्या शल्यविशारदाला परत कळवा.

फसलेल्या रचनांच्या आणि काढलेल्या इम्प्लांटच्या नोंदींना या मासिकात यशोगाथांइतकेच मानाचे स्थान मिळेल. एका रुग्णाने सोसलेला त्रास पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येऊ नये, यासाठी एवढे तरी आपण करायलाच हवे.