बारा आण्यांचा मसाला

बंदूक या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की आमच्या शाखेच्या दारात पहारेकरी दुनळी घेऊन बसतो आणि गेली वीस वर्षे मी तिच्यासमोरून सुखरूप जा-ये करतो आहे. पण प्रश्न बंदुकीचा नाहीच, हिशेबाचा आहे; आणि मी बी.कॉम. आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करांनी मोडीत काढलेल्या रायफली अमेरिकेत ढिगाने विकायला आल्या. जर्मन माऊझर, इंग्रजी ली-एनफिल्ड, इटालियन कार्कानो. त्याही पोस्टाने! (१९६३ साली केनेडींवर झाडलेली कार्कानो दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटना अशीच पोस्टाने आली होती. १९६८च्या कायद्याने ही टपालसेवा थांबली.) मग शिकारीचे शौकीन गॅरेजात करवत घेऊन बसले. नळीवरचे लाकूड उतरव, संगिनीचा खुंट काप, नळी आखूड कर, वर भोके पाडून दुर्बीण बसव! तेव्हा ते एक वेळ क्षम्य होते. रायफल स्वस्त, शिकारी कफल्लक.

पण आज? आज काळा प्लॅस्टिकचा दस्ता, नवा चाप, नवे मॅगझिन असे सुटे भाग बाजारातून आणायचे आणि ऐंशी वर्षांच्या म्हातारीला जीन्स घालायची. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला! बरे, मसाला घातल्यावर कोंबडीचा भाव तरी वाढावा? छे! हात न लावलेल्या रायफलीला संग्राहक जास्त पैसे मोजतात, कापलेलीला कमी. भरणा केला की शिल्लक घटते, असे खाते मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

शिवाय ली-एनफिल्डच्या बोल्टवर आणि चौकटीवर एकच क्रमांक असतो. काडतुसामागची फट नेमकी राहावी म्हणून नंबर चारच्या रायफलीला बोल्टची टोके ० ते ३ अशा मापांत बनवलेली होती. कुठला तरी बोल्ट आणून ठोकून बसवला आणि फट जास्त राहिली, तर पितळी टोपण फाटून गरम वायू थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर. सही न जुळलेला चेक आम्ही निदान परत तरी करतो!

“माझी वस्तू, माझी करवत,” असे ते म्हणतात. कबूल. पण शिकारीच करायची तर नवी रायफल दुकानात मिळते. १९४३ सालची मात्र आता कोणी बनवणार नाही.

तेव्हा साहेब, स्क्रूने लागेल आणि स्क्रूनेच निघेल तेवढे खुशाल बदला. काढलेले लाकूड माळ्यावर जपून ठेवा. भोक पाडण्याआधी दोन्ही क्रमांक ताडून पाहा. जुळले, तर ड्रिल शेजाऱ्याला देऊन टाका. म्हणजे, ज्याच्या घरी जुनी रायफल नाही अशा शेजाऱ्याला. तिकडे तो जरा शोधावा लागेल, इतकेच.